गळ्याला बकरम

सूनबाई,

दुकान उघडायला जातेय. तू गाढ झोपेत होतीस, चिमणीही पुन्हा झोपली होती, म्हणून उठवलं नाही.

बाहेर दूध पाजताना पांघरायचं ते कापड दारामागे टांगलंय. "तिला तंबूत कोंडणार नाही" म्हणालीस आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस. म्हणून गळ्याला कॉलरचं बकरम घातलंय. गळा ताठ राहतो, वरून आत बघता येतं.

सकाळी चिमणीला जाग आली, तेव्हा नीट बसतंय का पाहायला मीच ते घातलं आणि खिडकीशी तिला मांडीवर घेतलं. आत डोकावले, तर कापडातून गाळलेला उजेड तिच्या गालावर पडलेला, आणि ती टक लावून माझ्याकडे बघत होती. एवढासा जीव, पण त्या नजरेपुढे मला हलवेना.

तुझ्या नवऱ्याला मी चार माणसांत कायम शालीखाली पाजलं. तोही अंधारात असाच वर बघत असणार. मला कधी दिसलंच नाही.

आज लस द्यायला जाताना कापड ने, नाहीतर राहू दे. दुकान बंद करून मी थेट दवाखान्यात येते. लोकांकडे बघायला मी आहे, तू तिच्याकडे बघ.

— आई