मावशीच्या गळ्याची शपथ

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले. चौथी शिकलेली बाई, अक्षराला हसू नका. कारण आनंदाचं आहे. माझी नात नर्स झालीय, परळलाच, आपला होता तसल्याच मनाच्या आजारांच्या वॉर्डात. काळाचौकीहून चालत जाते. रिक्षा इकडे येत नाही नि टॅक्सीवाला एवढ्याशासाठी तोंड वाकडं करतो, ते असो. परवा चपला न काढताच सांगत सुटली. तिच्या वॉर्डात स्वतःला इजा करून घेतलेले एक काका आहेत, कोणाशी बोलत नव्हते. हल्ली तिथे कागद असतो; ठरल्या वेळी पेशंटला बघायचं आणि खूण करायची. ही खूण करून निघाली नाही. स्टूल ओढून बसली नि सरळ विचारलं, “काका, मरावंसं वाटतं का?” आणि ते बोलले हो! तिने डॉक्टरांना लगेच कळवलं, काकांजवळ माणूस बसवला. मोठ्या मॅडमनी विचारलं, “कुठे शिकलीस गं हे?” तर म्हणते, “आजीकडे.” मी लगेच शिरा ढवळायला घेतला. तूप जास्त पडलं, पडू दे.

मला तुमची वॉर्डातली चहाची खोली आठवली. मी नवी आयाबाई, सगळे मावशी म्हणायचे. कोपऱ्यातल्या खाटेवर ती मुलगी, लग्नाला वर्षही नाही, जखम भरत आलेली. वेणी घालताना मी तिचा हात माझ्या गळ्याला लावला. “घे शपथ, परत असं करणार नाहीस.” तिने घेतली. मी खूश. पोरीला बांधून टाकलं म्हटलं! मिरवत तुम्हाला सांगायला आले, तर तुम्ही कप खाली ठेवलात.

“काय केलंस गो बाय?”

“चांगलंच केलं ना, सिस्टर?”

“उद्या तिच्या मनात परत आलं तर कोणाला सांगेल? तुझ्या गळ्याची शपथ घेतलेली पोर तुला सांगेल? तोंड शिवलंस तिचं.”

मला रडू फुटलं. “मग काय करू?”

“जा, सोडव. आणि सरळ विचार, मरावंसं वाटतं का.”

“अहो, विचारून नसलेलं भरेल तिच्या डोक्यात!”

“विचारल्याने कोणी मरत नाही. गप्प राहिलं की माणूस एकटं पडतं. जा.”

मी जाते. खाटेशी बसते नि म्हणते, “शपथ सुटली गं. मला काही होत नाही, मी धट्टीकट्टी आहे. आता खरं सांग, मरावंसं वाटतं का?” ती छताकडे बघते. मग हळूच म्हणते, “सकाळपासून तेच चाललंय, मावशी. तुम्हाला काही होईल म्हणून बोलले नाही.”

मी हाक मारली, तशा तुम्ही धावत आलात. ओरडला नाहीत, ‘आईबापाचा विचार कर’ म्हणाला नाहीत. डॉक्टरांना बोलावलंत, तिच्या उशाशी बसलात, तिला एक क्षण एकटं सोडलं नाहीत. मला वाटलेलं ती आता जास्तच खचणार. उलट संध्याकाळी तिने पेजेला मीठ कमी आहे म्हणून माझ्याशी भांडण काढलं! बरेच आठवडे गेले, पण घरी गेली ती स्वतःच्या पायाने.

आता घरी सगळे मला मोठी शहाणी समजतात. सूनसुद्धा. हे पान काही टपालात पडायचं नाही, म्हणून लिहिते. विचारायचं कसं, तेवढंच मी नातीला शिकवलं. आधी शपथ घालून बसले होते, ते सांगितलंच नाही. सांगायला हवं, शपथा घालणाऱ्या मावश्या तिच्याही वॉर्डात असणारच. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नाही, सिस्टर, पण तेवढं अजून तोंडातून निघालेलं नाही.