उपवासाच्या कुट्टूत खिमा

मी सडा टाकत होते, तुम्ही रांजण विसळून पालथा घालत होता आणि आमचे मालक, म्हणजे तुमचे भाऊ, अंगणातल्या चुलीपुढं उकिडवे बसून जाळ फुंकत होते. आठवते का वन्सं ती सकाळ? रविवार होता. मटण बाईमाणसाच्या हाती बिघडतं, हा त्यांचा कायदा. मला फक्त मसाला वाटायची परवानगी. (तोही लांबूनच घ्यायचे, जसं काही मी आत उडी मारणार आहे.) झाकण उघडायला तुम्ही गेलात, तर तुमच्या हातावर उलथनं बसलं. सख्ख्या बहिणीच्या!

अरे, पाया पडायचं राहूनच गेलं. तर वन्सं, इथूनच दंडवत. तुमचा खोकला आणि म्हशीचं लाथा मारणं, दोन्ही थांबलं असेल अशी आशा करते. इकडं मी धडधाकट आहे, आणि तीच सगळी अडचण आहे. फोनच केला असता, पण तुमचा फोन आला की आमच्या सूनबाई आवाज मोठा करून शेजारी येऊन बसतात. जे सांगायचंय ते निकिताच्या कानावर पडण्यासारखं नाही.

महारुद्र आणि निकिता, लेक-सून दोघंही, मला पुण्याला न्यायला आलेत. कायमचं. इथल्या घराला कुलूप. दोघं चांगली आहेत हो, वाईट असती तर भांडून मोकळी झाले असते. पण निकिता बोलता बोलता म्हणून गेली, "आई आल्या की घरचं जेवण तरी मिळेल." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जेवणासाठी नेत असतील, तर जेवणच असं करावं की दोघांनी हात जोडावेत.

त्यासाठीचं सामान निकितानंच आणलं होतं. माझी साखर वाढते म्हणून कुट्टूचे दाणे. तिरकोनी, तपकिरी, लांबून बघाल तर अंबाडीचं बी समजून पेराल. भिंतीपलीकडच्या गौराबाईला दाखवले. (शिवाची भक्त बाई, गळ्यात लिंग, लसूण सोलतानाही तोंडात नामस्मरण.) ती म्हणाली, "अगं, हे उपवासाचं हाय. उत्तरेकडची माणसं खातेत." मी म्हटलं, यात मी खिमा टाकणार. ती दोन पावलं मागं सरली. "दगडाबाई, आमच्या भिंतीला तरी वास लागू देऊ नको माय."

उपवासाचं धान्य आणि खाटकाकडचा खिमा एका भांड्यात! याहून वाईट स्वयंपाक जिल्ह्यात कुणी केला नसेल, याची खात्री पटल्यावर मी मालकांची चूल पेटवली. त्यांचं पातेलंही काढलं. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. थोडा वेळ नुसती बघत बसले, मग कामाला लागले. कांदा परतला नाही, फाडून टाकला. लसणाच्या कुड्या न सोलता टाकल्या. खिमा, कुट्टू, येसराचा मसाला, पाणी, सगळं एकदम, म्हशीला आंबोण कालवतात तसं. तिखट हात सैल सोडून. खाली दणदणीत जाळ लावला आणि गौराबाईच्या ओट्यावर गप्पा मारायला जाऊन बसले. (मी पुस्तकं वाचायला लागल्यापासून माझ्याकडून भाजी करपते, असं तुम्हीच तुमच्या सगळ्या चारठाणा गावाला सांगितलंय. काल पुस्तकाशिवाय करपवली, हे ध्यानात घ्या.) करपल्याचा वास भिंत ओलांडून आला तेव्हा गौराबाईनं पदर नाकाला लावला आणि मी समाधानानं उठले.

ताटात वाढलं तर काळपट गिचगोळा. निकितानं एक घास घेतला. मी तोंड पाडून तयारच होते. आणि ती बाई म्हणते, "आई, हे कसलं भारी झालंय!" डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि ताट पुढं. महारुद्रनं तर पातेलं ओढून घेतलं आणि तळाची खरवड उलथन्यानं काढून खायला लागला. खाता खाता म्हणाला, "बाबांच्या हातचं हाय हे."

वन्सं, मी बोट लावून चाटलं. खरंच त्यांच्या हातचं. म्हणजे तुमचे भाऊ आयुष्यभर मटण करपवत होते आणि आपण त्याला चव म्हणत होतो!

लगेच महारुद्र म्हणाला, "आता तर तुला इथं ठेवतच न्हाई." निकितानं कुट्टू कुठं स्वस्त मिळतो ते फोनवर बघायलाही घेतलं.

मला जायचं नाही. इथं खाटकापासून कंडक्टरपर्यंत सगळे मला चंद्रभानची बायको म्हणतात. दिवसातून चारदा तरी त्यांचं नाव कुणाच्या तोंडून कानावर पडतं. पुण्यात मी निकिताची सासू होईन. तिथं त्यांचं नाव कोण घेणार?

बाकी क्षेम. लहानांना आशीर्वाद, म्हशीपासून जपा.

तुमची भावजय,
दगडाबाई, ताडकळस

ता. क. – एवढं सगळं लिहिलं ते यासाठी, की तुम्ही जरा आजारी पडा. चक्कर, कंबर, जमेल ते. वहिनीशिवाय भागत नाही असा निरोप महारुद्रला द्या. त्यांची रजा संपेपर्यंत मी तुमच्या उशाशी बसते. रडणं जास्त करू नका, तुम्हाला ते जमत नाही.

ता. क. दुसरा – पाकीट टपालात पडायचं राहिलं, बरं झालं. आजारी पडू नका. काल संध्याकाळी मीच महारुद्रला सांगितलं, बाबा, मी येत नाही. का, तर नावाचं वर लिहिलं तेच सांगितलं. त्यानं रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आणि खिमा?"

आज सकाळी मी त्याला चुलीपुढं उकिडवं बसवलं आणि खिमा करपवायला शिकवलं.