चांदरीच्या कानातला बिल्ला

भेस्तान, सुरत
१२ जुलै २०२५

ती. गोपालदादास धनश्रीचा नमस्कार.

तुम्ही सर्व बरे आहात, असे शेजारच्या छगनकडून कळते. तुझ्याकडून काहीच कळत नाही.

प्रथम घटनाक्रम नोंदवते, म्हणजे वाद उरणार नाही. खाडीचे पाणी गोठ्यात शिरले. तू दावी कापलीस. बाकीची जनावरे निघाली, चांदरी म्हैस बुडाली. पूर ओसरल्यावर शासनाने मृत जनावरांसाठी तातडीची मदत जाहीर केली. पंचनाम्याला तलाटी आले आणि पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून मी आले. चांदरीच्या कानात नोंदणीचा पिवळा बिल्ला नव्हता. बिल्ल्याशिवाय जनावराची ओळख पटत नाही. तसे मी लिहिले आणि तुझी मदत थांबली.

यात माझी चूक असल्यास दाखव.

तू सर्वांसमोर हात जोडून म्हणालास, "साहेब, चहा तरी घ्याल, की कपालाही बिल्ला लागेल?" तलाटी हसले. कामावर असताना मी कोणाच्याही घरी चहा घेत नाही. आई कप घेऊन उंबऱ्यात उभी होती, ते मला दिसले नाही असे तुला वाटत असेल, तर तसे नाही.

बिल्ला कोणी काढला, ते काल वर्षावहिनींच्या फोनवरून समजले. आईने. मृताच्या अंगावर दागिना ठेवून निरोप देत नाहीत, म्हणून तिने तो कात्रीने कापला, धुतला आणि देव्हाऱ्यात ठेवला. तू रागावलास तेव्हा म्हणाली म्हणे, "मरेल जनावरना कानमा डूल ठेवतस का रे?" गावोगावच्या पशुपालकांना मी बिल्ल्याचे महत्त्व समजावत फिरले, आईला समजावायचे राहिले. वर 'समजावायचे' या शब्दाआधी जे खोडले आहे, ते वाचण्याचा प्रयत्न करू नकोस.

बहिणीच्या दारात भीक मागणार नाही, असे तू म्हणतोस. ही भीक नव्हे आणि ते दार माझे नव्हे. घर चांदरीच्या दुधावर चालत होते. बिल्ला जोडून मालकाने लेखी खुलासा दिला, की प्रकरण पुन्हा उघडते. तपासणी दुसरे डॉक्टर करतील. तशी विनंती मी वरिष्ठांना केली आहे. मुदत शुक्रवारी संपते.

मी थकले आहे, दादा. रोज मेलेल्या जनावरांचे कान उलटून पाहते. चांदरीचा कान हातात घेतला, तेव्हा बिल्ला शोधण्याची मला गरज नव्हती. कॉलेजच्या सुट्टीत तिला तिच्या आईच्या पोटातून मीच ओढून काढले होते. तू कंदील धरला होतास. परंतु मी तिला ओळखते, हा पुरावा होत नाही. नियम योग्यच आहे. उद्याही मी तेच लिहीन.

तिच्या पारडीला अद्याप बिल्ला मारायचा आहे. तेव्हा खुलासा देतोस की नाही, आणि पारडीसाठी मी येऊ की दुसऱ्या कोणाला पाठवू, ते कळव. मी आले, तर रविवारी येईन, म्हणजे चहा घेता येईल.

दोन्हींचे उत्तर लेखी हवे, तुझ्या अक्षरात. छगनकरवी आलेला तोंडी निरोप ग्राह्य धरला जाणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
धनश्री