न वाचता दिलेले संदर्भ वगळणेबाबत

ब्यावीस्तोक, १४ सप्टेंबर

प्रति,
मा. संचालक,
पोडलासी विषविज्ञान संस्था,
ब्यावीस्तोक.

विषय: माझी पदोन्नती रद्द करून तिच्यामागील चुकीचे वाक्य जाहीरपणे दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ: आपले अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

मी आपल्या संस्थेत विषारी अळंब्यांवर काम करते. हिरव्या विषारी अळंबीवरील माझ्या शोधनिबंधात सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे: उलट्या थांबून दुसऱ्या दिवशी रुग्णाला बरे वाटू लागते, पण आत यकृत निकामी होत असते, म्हणून त्याला घरी सोडू नये.

२. हा निबंध लहान गावांतील डॉक्टर वाचतात. सेयनीच्या डॉ. कुम्येंगा यांनी तो रुग्णाच्या खाटेशेजारी उभ्याउभ्याच वाचला. रुग्ण, गेनोवेफाबाई, "मी ठणठणीत आहे. माझ्या कोंबड्यांना दाणे काय तुम्ही घालणार?" म्हणून भांडत होत्या. डॉक्टरांनी त्यांना सोडले नाही, तातडीने वॉर्साला हलवले. बाई आजही भांडायला शिल्लक आहेत. परंतु डॉ. कुम्येंगा स्वतः निबंध लिहीत नाहीत. त्यामुळे त्यांनी वाचल्याची नोंद कोठेही झाली नाही, आणि गतवर्षी समितीने "आपल्या कामाची दखल घेतली गेलेली नाही" असे कळवून माझी पदोन्नती नाकारली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेवढे त्राणही नाही.

३. यंदा इतरांच्या लेखांत माझ्या निबंधाचे संदर्भ अचानक वाढले म्हणून आपण पदोन्नती दिलीत. ते सर्व लेख मी वाचून काढले. पहिल्या लेखकाने माझे नाव घालून लिहिले आहे, 'कुश्म्येरेक यांच्या मते दुसऱ्या दिवशी सुधारणा दिसल्यास रुग्णास घरी सोडता येते.' बाकीच्यांनी ते वाक्य जसेच्या तसे उचलले. मी पहिल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगतो, तुमचा निबंध उघडायला वेळच झाला नाही. पण आकडा तर तुमचाच वाढला ना?" संपादक म्हणतात, दुरुस्ती संस्थेने मागावी. आपले कार्यालय म्हणते, मिळालेले संदर्भ कमी करण्याची तरतूद नाही.

४. मागील आठवड्यात एका रुग्णालयाने ही अळंबी खाल्लेल्या एका गृहस्थांना दुसऱ्या दिवशी घरी पाठवले. ते वारले. तेथील तरुण डॉक्टर मुलीचा मला फोन आला. "बाई, तुमचंच नाव होतं हो तिथं," एवढेच ती रडत म्हणत राहिली.

५. तरी पदोन्नती परत घ्यावी, ते संदर्भ माझ्या नावावरून वगळावेत, आणि मी असे कधीही म्हटलेले नाही हे संस्थेच्या शिक्क्यानिशी आजच्या आज सर्व रुग्णालयांना कळवावे. पाऊस झाला आहे. लोक टोपल्या घेऊन जंगलात गेले आहेत.

उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ नसलेली,
आपली नम्र,
(सही)
डॉ. बोगुमिला कुश्म्येरेक

सोबत:
१) पदोन्नतीचे मूळ पत्र, परत.
२) माझा निबंध. सगळा जमला नाही, तर दुसरे पान तरी वाचावे.