ओलं पायपुसणं

९ फेब्रुवारी, नवापूर

गाडीतला संडास गळतोय. चंद्रभान यांनी सकाळी गुडघ्यांवर बसून, टॉर्च मारून दुजोरा दिला. संडासाच्या दाराबाहेरचं पायपुसणं पिळलं तर पेलाभर पाणी निघालं.

गाडीचा हा पहिलाच मुक्काम. बोईसरचं घर इथून जवळ, आणि ते मुद्दामच — काही बिघडलं तर परत जाता यावं म्हणून. बिघडलं.

कारखान्यातल्या मेंटेनन्समधून निवृत्त झाल्यावर ह्या माझ्या नवऱ्याने जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली आणि आमच्या अंगणात उभी करून तिचं घर केलं. पलंग, ओटा, पंखा, पडदे. पण खरी गाडी बांधली ती संडासाभोवती. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्यांना सारखं जावं लागतं. मग एसटी नको, लग्नं नको, लोकांच्या घरी मुक्काम तर नकोच. काही वर्षं झाली, बोईसरच्या बाहेर पाऊल नाही.

आणि तिकडे आष्टीला सोजराआक्का. ह्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनेच ह्यांना वाढवलं. काचबिंदूने तिची नजर चाललीय, आणि गेलेली परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. परवा फोनवर म्हणाली, "चंदू, दिसतंय तवर ये बाबा. नुस्ता आवाज ऐकायचा तर फोन हायेच की."

पंधराला निघायचं ठरलंय. पायपुसणं दोरीवर वाळत घातलंय, बोंबलांच्या शेजारी.

१० फेब्रुवारी

पुन्हा ओलं.

हा संडास घरच्यासारखा नाही. भांड्याखाली सुटकेसएवढी टाकी असते. भरली की गाडीच्या बाहेरून एक छोटं दार उघडायचं, टाकी ओढून काढायची आणि नेऊन रिकामी करायची. भांडं आणि टाकी यांच्यामध्ये रबराची रिंग. चंद्रभान यांचा संशय तिच्यावर. दुपारी बोईसरला जाऊन दुकानं पालथी घातली. एकाने रिंग हातात फिरवून विचारलं, "अंकल, ये कौन से पंप का है?" ह्यांनी संडासाचं म्हणून सांगितल्यावर त्याने ती हलकेच काउंटरवर ठेवून दिली. शेवटी मापाची मिळाली. तीन तास खपून बसवली.

ज्यांच्या खळ्यात गाडी लावलीय त्या गोजराबाई कोळीण बोंबील उलटे करता करता बघत होत्या. "आमी संडास घरापासून लांब बांधतो, न तुमी तो उशाशी घेऊन फिरता. हाय का नाय गंमत?"

चंद्रभान हसले नाहीत. एरवी हसले असते.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ

ओलं.

११ फेब्रुवारी

टाकीत निळं औषध असतं, आणि हे पाणी निळं नाही, हे मी निदर्शनास आणून दिलं. म्हणजे गळती टाकीची नसून फ्लशच्या स्वच्छ पाण्याची. "बरोबर आहे, संपादकबाई," ते म्हणाले आणि फ्लशची नळी सोडवली. नवी क्लॅम्प, वर सिलिकॉन. आयुष्यभर मी पालघरच्या दैनिकात डेस्कवर बसले, बातमीतली फट मला दिसते. नळीतली दिसत नाही.

सिलिकॉन सुकेपर्यंत मी किनाऱ्यावर गेले आणि खडकावरच्या कालवांनी पायाचा अंगठा कापून घेतला. गोजराबाईंनी हळद भरली, चिंधी बांधली. "पाणी लावू नुको दोन दीस."

संध्याकाळी आक्काचा फोन. चंद्रभान यांनी मला खूण केली — इथे नाही म्हणून सांग. मी म्हटलं, अंघोळीला गेलेत. आक्का म्हणाली, "इत्क्या अंघोळी करतो का गं तो?"

१२ फेब्रुवारी

आज चाचणी. जमिनीवर जुने अंक अंथरले — आमच्याच दैनिकाचे. चंद्रभान यांनी फ्लश ओढला. पुन्हा ओढला. ओढतच राहिले. टाकी भरली, रिकामी केली, परत ओढला. कागद कोरडाच. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

दिवसभर संडास मी एकटीने वापरला. कोरडा. ते मात्र दर वेळी गोजराबाईंच्या मागच्या संडासात जात होते. सिलिकॉनला अजून वेळ देऊ म्हणाले. दुपारी चारच्या सुमाराला एकदा गाडीतल्या संडासात गेले. पाचला पायपुसणं ओलं होतं.

मी ते उचललं. त्यांनी माझ्या हातातून घेतलं, दोन बोटांत धरून बघितलं आणि खाली ठेवलं.

"तू गेलीस की कोरडं. मी गेलो की ओलं."

"मग?"

"मग काय. मशीन ठीक आहे."

 मला कळायला थोडा वेळ लागला. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, काही जणांना पुढे ताबा राहत नाही. थेंब थेंब जातं, कळत नाही. आम्ही दोघांनी ते ऐकलं होतं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नव्हता.

एवढं पाणी असं जाईल का? पिळलं तर पेलाभर? विचारणार कसं?

रात्री जेवताना त्यांनी पाण्याला हात लावला नाही. "आक्काला कळव, गाडी नादुरुस्त झाली."

"खोटी बातमी मी देत नाही."

"मग मी देतो."

दिली नाही अजून. फोन उशाला घेऊन पडलेत.

१३ फेब्रुवारी

सकाळपासून घोटभर चहा, बस. ओठ सुकलेत. बोईसरला परत जाऊ म्हणतात. गोजराबाईंनी नारळपाणी दिलं तर "नंतर" म्हणून ओट्यावर ठेवलं. "नवऱ्याला काय झाला तुझ्या?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. "काल परवा त्या संडासाशी भांडत होता, आज त्याच्याशी बोलत पन नाय."

 पान छपाईला सोडायची वेळ झालीय आणि मुख्य बातमीच हाताशी नाही, असं वाटतंय. पण डेस्कवर असताना निदान फोन करून विचारता येई.

घरी असताना हल्ली स्वतःच्या चादरी स्वतः धुतात. निवृत्त झाल्यावर घरकामात लक्ष घालतात म्हणून मी बहिणीला कौतुकाने सांगितलं होतं. आज उगाच आठवलं.

१३ फेब्रुवारी, दुपार

सापडलं!

माझ्या अंगठ्याची चिंधी आज सोडली. संडासात गेले. झाल्यावर मगमधलं उरलेलं पाणी सवयीने पायांवर ओतलं आणि बाहेर आले. मी बसून भाजी निवडत होते. थोड्या वेळाने पाय ठेवला तर पायपुसणं थंडगार.

आपण संडासातून पाय न धुता बाहेर येतो कधी? घरी पाणी मोरीत जातं, विषय संपला. ह्या गाडीला मोरीच नाही. ज्यांच्या देशात हा संडास बनला ते कागद वापरतात आणि बूट घालून जातात, त्यांना मोरी कशाला लागेल? पाणी भांड्यामागे साचतं, फळीखालून झिरपतं आणि उताराने दाराशी येतं. काल मी कोरडी होते ती चिंधीमुळे, पाय धुतलेच नव्हते.

चंद्रभान यांना हाताला धरून नेलं. त्यांच्यासमोर मगभर पाणी पायांवर ओतलं. दोघांनी दारात उभं राहून वाट बघितली. आलं.

 "मेंटेनन्समध्ये जन्म गेला माझा," ते म्हणाले. मग नारळपाणी मागून घेतलं आणि एका दमात प्यायले.

गोजराबाईंना सांगितलं तर खळ्यात खाली बसून हसल्या. "म्हंजे गाडी नाय, तुमीच गळत होतात!"

चंद्रभानही हसले. जरा उशिराने हसले, पण हसले.

१४ फेब्रुवारी

नियम ठरला : पाय बाहेर धुवायचे, पायरीवर. तिथे तांब्या टांगलाय. दिवसभर दोघांनी पाळला. कोरडं. गोजराबाईंनी आक्कासाठी सुके बोंबील बांधून दिले. ती माळकरी आहे, हे सांगायचा धीर झाला नाही.

आक्काला फोन चंद्रभान यांनीच केला. उद्या दुपारी निघतो, पहिला मुक्काम वाड्याला, सोळाला संध्याकाळी तुझ्या दारात. ती म्हणाली, "मंग मी चष्मा पुसून ठिवते."

१६ फेब्रुवारी, वाडा, सकाळ

पायपुसणं कोरडं. गादी ओली.

दुजोरा स्वतः चंद्रभान यांनी दिला. मी उठायच्या आत पलंगाच्या कडेला बसले होते, चादर गोळा करून मांडीवर. "संडास कधीच गळत नव्हता, वर्षा. पण मला वाटायचं, तोच गळत असू दे." दिवाळीपासून चाललंय. म्हणून चादरी.

मी म्हटलं, परत फिरायचं का? आक्काला मी सांगते, खरं काय ते.

"कशाला? तिला दिसत नाही, मला धरवत नाही. कोण कोणाला नावं ठेवणार?" चादर माझ्या हातात दिली. पहिल्यांदाच.

ती गाडीच्या मागच्या शिडीला बांधलीय. माळशेज चढेपर्यंत वाळावी. दिवेलागणीपर्यंत आष्टीला पोहोचणं अपेक्षित.