हजारी अकरा

आदरणीय मामा,

भाचा याप खिमसुआन तेकवी गावाहून कपाळ टेकवून नमस्कार करतो. या गारठ्यात तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? बंदरावरचा वारा सोसत नाही हे ठाऊक असूनही तुम्ही दवाखान्याचं दार सताड उघडं टाकून बसता, आणि येणाऱ्या प्रत्येक रोग्याला मात्र वाऱ्यापासून जपायला सांगता, असं मामींनी नावाड्याकरवी कळवलं आहे. आमच्याकडे सगळं क्षेम. घरातली तिन्ही माणसं बरी आहेत. इनचूला सातवा महिना लागला. आमची छोटी लुआन अजून तुमच्या त्या कडू पुडीला नावं ठेवते.

पत्राला उशीर झाला, कारण मधल्या काळात आमचं गाव प्रसिद्ध झालं. तुम्हाला माहीत आहे, आमच्या शंभर घरांचा कारकून मी. कोण जन्मलं, कोण गेलं, प्लेगपायी कोणी किती उंदीर पकडून दिले, हे सगळं महिनाअखेर लिहून पोलीस चौकीवर जपानी हाराजिमा साहेबांकडे न्यायचं, हे माझं काम. साहेबांनी चौकीच्या भिंतीवर मोठा कागद लावला आहे. त्यावर प्रत्येक गावाच्या नावावर एक काळी पट्टी, हजार माणसांमागे वर्षाला किती मेली ते सांगणारी. शेजारच्या गावाची पट्टी तेहतीसवर गेली होती, आमची अकरावर. जपानातसुद्धा हजारी अकरा नाही, असं साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि हे सगळं त्यांच्या सफाईच्या दिवसांमुळे झालं असंही सांगत. (सफाईचा दिवस तुम्ही पाहिला आहे. अंथरुणं, चटया, पाट सगळं अंगणात उन्हात, आणि साहेब पांढरा हातमोजा घालून तुळईवरून बोट फिरवतात. काही घरांनी त्या दिवसासाठी वेगळी चटईच करून ठेवली आहे. ती वर्षातून दोनदा ऊन खाते आणि पुन्हा माळ्यावर जाते. तिच्यावर आजवर कोणी झोपलेलं नाही.)

हा आकडा राजधानीत पोचला आणि नवव्या महिन्यात तिथून एक आरोग्य-अधिकारी आले, चष्मेवाले, हळू बोलणारे. गाव इतकं का जगतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. ते घरोघर विचारत फिरले आणि मी दुभाष्या म्हणून मागे. मुखियांनी विहिरीचं पाणी सांगितलं. तेंग आजींनी देवळातल्या रोगराईच्या देवाला श्रेय दिलं आणि साहेबांच्या सफाईला त्यातलं थोडंही द्यायला नकार दिला. कोणीतरी मुळ्याच्या लोणच्याचं नाव काढलं, तेव्हा अधिकाऱ्यांनी दोन बरण्या तपासणीसाठी बांधून घेतल्या. इथवर सगळं मजेत चाललं होतं. मीसुद्धा हसत होतो, खोटं कशाला सांगू.

मग ते म्हणाले, तीन वर्षांखालची जी मुलं इथे इतकी छान जगतात, ती एकदा बघू या. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या अंगणात रांग लावायचा हुकूम झाला. नोंदवहीत एक्केचाळीस मुलं होती. रात्रभर मी वही पुढ्यात घेऊन बसलो.

का, ते तुम्हाला सांगायला नको, तुमचा जन्म इथलाच. आमच्याकडे लहान मूल गेलं की कोणी कळवत नाही. एक तर कळवलं की चौकीचा माणूस येतो, घरभर औषध फवारतो आणि अंथरूण जाळतो. पण ते वरवरचं कारण. खरं कारण असं की नाव खोडलं म्हणजे दार लावल्यासारखं होतं, आणि गेलेलं मूल परत यायचं झालं तर त्याने कुठे यायचं? म्हणून नाव तसंच ठेवतात. पुढचं मूल झालं की तेच नाव, तीच नोंद, त्याला. आई म्हणते, आलं परत. मी कारकून झालो तेव्हा आधीच्या कारकुनाने वही हातात देताना एवढंच सांगितलं होतं, "मुलांच्या बाबतीत घाई करू नकोस." सहा वर्षांत मी कधीच घाई केली नाही.

तर रांग लागली. मी नावं वाचायला लागलो. अडीच वर्षांचा म्हणून पुकारलेला मुलगा आजोबांच्या कुशीत दात नसलेल्या तोंडाने बोट चोखत आला. पावणेतीन वर्षांची मुलगी मान धरत नव्हती. अधिकारी प्रत्येकाचं वजन करून टिपून घेत होते. मग तेंग आजींची नात आली. वहीत मुलगी होती, पण बाळाने तिथेच अधिकाऱ्यांच्या बाहीवर मुतून स्वतःची ओळख पटवली.

हाराजिमा साहेब कसेबसे म्हणाले, "आजी, वहीत ही मुलगी आहे."

"होती," आजी शांतपणे म्हणाल्या. "परत येताना बदलून आला. तुम्हाला काय अडचण आहे?"

मामा, सगळं अंगण हसलं. अधिकारी मात्र हसले नाहीत. त्यांनी बाही झटकली, मला बाजूला बोलावलं आणि न रागावता विचारलं, "याप, हे किती वर्षं लिहिताय?" मी सहा म्हटलं. ते म्हणाले, "पाचव्या महिन्यात हिवतापाच्या कोयनेलच्या पेट्या वाटल्या. पेट्या कमी होत्या. जिथे जास्त माणसं मरतात त्या गावांना आधी द्यायच्या ठरल्या. तुमच्या गावाचं नाव यादीत शेवटचं होतं." शेवटच्या गावापर्यंत पेटी पोचली नाही हे मला ठाऊक होतं.

साहेबांनी संध्याकाळी मला चौकीवर बोलावलं. मला वाटलं काठी बसणार. ते कागदासमोर उभे होते. म्हणाले, "उंदरांच्या बाबतीत तू माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीस." (कसं बोलणार? उंदीर शेपटीसकट हजर करावा लागतो.) मग दहा दिवसांत खरी यादी करायला सांगितली. मी पुन्हा घरोघर गेलो, या वेळी एकटा. तारखा कोणालाच सांगता येत नव्हत्या. रताळी काढायच्या दिवसांत, पुलाचं लाकूड वाहून गेलं तेव्हा, अशा तारखा. पण कोणी विसरलेलंही नव्हतं. तेंग आजींनी तर माझ्या हातात चहा दिला आणि पाचही नावं क्रमाने सांगितली, सगळ्यांचं एकच नाव. त्यातली या एका वर्षाची यादीच सव्वीसवर आली. साहेबांनी नवी पट्टी स्वतः काढली. ती कागदाच्या बाहेर जायला लागली, तेव्हा वर दुसरा कागद चिकटवला.

आता आमची पट्टी तालुक्यात सगळ्यात उंच आहे आणि मुखिया कोणाशी बोलत नाहीत. पण काल कोयनेलची पेटी आली. मुलं गोळी थुंकतात, आया नाक दाबून गिळवतात, सगळ्या गावात एकच रड चालू आहे. इतकी चांगली रड मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

मामींना नमस्कार. कंबरेला शेक द्या.

तुमचा भाचा,
याप खिमसुआन

ता. क. नावाड्याबरोबर मुळ्याच्या लोणच्याची बरणी पाठवली आहे. राजधानीतून परत आली ती हीच. सोबतच्या चिठ्ठीत "विशेष गुण नाही, मीठ जास्त" असं लिहिलं आहे. मामींना ते पटणार नाही.

ता. क. दुसरा. वर मी घरातली तिन्ही माणसं बरी असं लिहिलं. ते वहीप्रमाणे. आम्ही दोघंच आहोत, मामा. तुम्ही सातव्या महिन्यात लुआनची नाडी पाहून म्हणाला होतात, माझी पुडी पुरणार नाही, कोयनेलच्या पांढऱ्या गोळ्या मिळव. मी चौकीवर मागायला गेलो होतो. तुमच्या गावात ताप कुठे आहे, असं साहेबांनी माझ्याच आकड्यावर बोट ठेवून विचारलं, आणि मी परत आलो. यादीतल्या सव्वीस मुलांना कोणी वैद्याने पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांची नोंद आईबापांच्या सांगण्यावर झाली. सत्ताविसाव्या नावाला मात्र तिला तपासणाऱ्याचा शिक्का लागतो. तो तुमचा. इनचू म्हणते नाव राहू दे, दोन महिन्यांत येईलच ती. तिच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात नाही, आणि कागद हातात आला नाही तर मी पुन्हा घाई करणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून दाखला लवकर पाठवा, आणि येणाऱ्या बाळासाठी एक नवं नाव. ते तुम्ही ठेवलंत तर इनचू नाही म्हणणार नाही.

ता. क. तिसरा. दाखल्यावर तारीख लागेल. आठव्या महिन्याची चौदा, दुपार. मी घरी नव्हतो. चौकीवर बसून त्या महिन्याच्या कागदावर "मृत्यू: नाहीत" असं लिहीत होतो.