सेत्सुकोसानचा निळा

३ फेब्रुवारी

पुस्तकाचं कव्हर आलं. निळं. भयंकर निळं!

सेत्सुकोसान स्वतः घेऊन आल्या, आमच्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटचे जिने चढून. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी जपानहून इथे अमेरिकेत आल्या, मग आयुष्यभर चहाचे डबे, सोया सॉसची लेबलं, नाटकांची पोस्टरं डिझाइन केली. त्यांच्यावरचं माझं पुस्तक मराठीत, कव्हर त्यांनीच केलेलं. "वाचता येणार नाही, निदान बाहेरून तरी माझं असू दे," म्हणाल्या. हे शेवटचं काम, असंही.

त्यांचा नेहमीचा निळा म्हणजे खूप वेळा धुतलेल्या सुती साडीचा. हा अंगावर येतो.

"ब्यूटिफुल!" मी म्हणाले. आणि चहा टाकायला पळाले.

४ फेब्रुवारी

कव्हर फ्रिजवर लावलंय. स्वानंदी शाळेतून आली, दप्तरही उतरवलं नाही. "मॉम, इट लुक्स लाइक टूथपेस्ट."

९ फेब्रुवारी

पुण्याहून प्रकाशक विवेकचा फोन. "ताई, कव्हर पाठवा ना, छपाई अडलीये!" पाठवते म्हटलं. पाठवलं नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं तर त्यांना पुस्तक कुठल्या तोंडाने देऊ? आणि हेच छापलं तर त्यांची शेवटची आठवण ही — टूथपेस्ट!

१२ फेब्रुवारी

सेत्सुकोसानचा फोन. "डोळे दाखवायचेत. ड्राइव्ह करशील?" गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला जुना.

६ मार्च

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं.

८ मार्च

आज वरणभात जेवायला आल्या. फ्रिजसमोर थबकल्या. एक डोळा झाकला, मग दुसरा.

"डाव्याने सगळं चहात बुडवल्यासारखं. आणि उजव्याने... हे कुणी केलं? हॉरिबल!"

"तुम्हीच."

त्यांनी पुन्हा एकदा डावा डोळा झाकून बघितलं. मग अशा हसल्या की खुर्ची धरावी लागली. "म्हणजे हात गेला नाही माझा! डोळ्यातली काच पिवळी झाली होती, म्हणून कितीही निळा घातला तरी कमीच वाटायचा!"

हुश्श! मी हसता हसता रडले. वरण उतू गेलं.

१६ मार्च

नवं कव्हर. धुतलेल्या साडीचा निळा! विवेकला लगेच पाठवलं.

१७ मार्च

विचारलंच शेवटी — डोळे दाखवायचं अचानक कसं सुचलं?

"आयुष्यभर क्लायंटचे चेहरे बघितलेत. तू 'ब्यूटिफुल' म्हणालीस, तेव्हा कव्हरकडे बघतच नव्हतीस."